जनुक स्वतः उघडून बघा: जिनोम ब्राउझरवर पहिला सराव

जनुकशास्त्र पुस्तकातून शिकलेल्या बहुतेकांच्या डोक्यात आजही वाटाणेच असतात. गोल आणि सुरकुतलेले, पिवळे आणि हिरवे, आणि शेवटी ३:१ हे गुणोत्तर. मीही तसंच शिकले. पदवीच्या वर्गाला अजूनही सुरुवात तिथूनच करून देते, कारण मेंडेलचा १८६६ सालचा निबंध म्हणजे मोजून, नोंदून विचार कसा करायचा याचा उत्तम धडा आहे. पण तिथेच थांबलं तर गेल्या तीसेक वर्षांत या विषयात केवढी उलथापालथ झाली ते कळत नाही. ते वाचूनही पुरतं कळत नाही. जिनोम, म्हणजे सजीवाच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, स्वतः उघडून बघावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक कॉम्प्युटर, इंटरनेट आणि निवांत अशी एखादी संध्याकाळ पुरते.

बसण्याआधी एवढं लक्षात घ्या. जुनं जनुकशास्त्र गुणधर्माकडून जनुकाकडे जायचं. आधी आजार दिसायचा, मग तो ज्यांच्यात चालत आला आहे अशी कुटुंबं शोधायची, वंशावळी काढायच्या, कुठली खूण आजाराबरोबर पिढ्यान् पिढ्या सरकते ते पाहायचं आणि तेवढ्या धाग्यावरून गुणसूत्रावर हळूहळू पुढे जायचं. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची जागा गुणसूत्र ४ वर आहे हे १९८३ मध्ये कळलं. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला १९९३ उजाडलं. मधली दहा वर्षं अनेक प्रयोगशाळा त्यामागे होत्या.

जिनोमिक्सनं ही दिशा उलटी केली. १९९० ते २००३ या काळात मानवी जिनोम प्रकल्पानं डीएनएची जवळजवळ सगळी अक्षरं (ए, सी, जी, टी) वाचून काढली. उरलेली अवघड भगदाडं २०२२ मध्ये भरली गेली आणि सुमारे २० कोटी अक्षरांची भर पडली. आता अक्षरं आधीच समोर असतात. कुठल्याही एका माणसाचा जिनोम संदर्भ जिनोमशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना मजकुराशी, ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. यातला कुठला फरक काही करतो, कोणात करतो आणि किती करतो, हा आजचा प्रश्न आहे. माझ्या मते खरा बदल वेगात नाही, या प्रश्नात आहे. खालचा सगळा सराव तो प्रश्न नीट विचारता यावा म्हणून.

वही आणि आवृत्ती

जिनोम ब्राउझर म्हणजे जिनोम पडद्यावर नकाशासारखा दाखवणारं संकेतस्थळ. मी शिकवताना यूसीएससी जिनोम ब्राउझर वापरते. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं तो २००० च्या जुलैपासून सर्वांसाठी खुला ठेवला आहे. एन्सेम्बल हा दुसरा ब्राउझरही तितकाच चांगला, पण सुरुवातीला एकच धरा. दोन्हींची मांडणी वेगळी आहे आणि नवख्याचा गोंधळ उडतो.

शेजारी वही ठेवा, कागदाची. पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहा: आवृत्ती एचजी३८. ही मानवी संदर्भ जिनोमची २०१३ मध्ये आलेली आवृत्ती. तिच्या आधीची एचजी१९ अजूनही कितीतरी जुन्या लेखांत आणि अहवालांत भेटते. दोन्हींमधले पत्ते जुळत नाहीत. पुढे आपण जी एक जागा बघणार आहोत ती एचजी३८ मध्ये गुणसूत्र २ वर १३,५८,५१,०७६ या क्रमांकावर आहे आणि एचजी१९ मध्ये १३,६६,०८,६४६ वर. जागा तीच, पत्त्यात साडेसात लाखांहून जास्त अक्षरांचा फरक. आवृत्ती न लिहिता नुसता पत्ता लिहिलेला सराव मी तपासायला घेतच नाही, आणि विद्यार्थ्यांना हे पहिल्याच तासाला सांगून ठेवते.

पहिलं जनुक: एलसीटी

ब्राउझर उघडला की मानवी जिनोमची एचजी३८ आवृत्ती निवडा. शोधचौकटीत रोमन लिपीतून एलसीटी ही तीन अक्षरं टाका. हे लॅक्टेजचं जनुक. दुधातली साखर फोडणारं विकर यातून बनतं. तान्ह्या वयात ते सगळ्यांच्या आतड्यात असतं. मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत त्याचं प्रमाण खूप उतरतं, पण काहींत ते टिकून राहतं. टिकणं हा प्रबळ गुणधर्म म्हणून चालत येतो, म्हणजे वंशावळीत तो मेंडेलच्या नियमानं अगदी शहाण्यासारखा वागतो. म्हणूनच मी हे उदाहरण घेते: जुनं आणि नवं जनुकशास्त्र इथे एकाच पडद्यावर दिसतं.

पडदा उघडला की पहिल्यांदा घाबरायला होतं, कारण खाली माहितीच्या पट्ट्यांची रांगच लागलेली असते. सगळ्या लपवण्याचं बटण दाबा आणि दोनच परत आणा: अक्षरांच्या क्रमांकांची पट्टी आणि जेनकोड (GENCODE) या यादीतल्या जनुकांची पट्टी. आता चित्र मोकळं दिसेल. बारीक रेघ, तिच्यावर मधूनमधून जाड ठोकळे. ठोकळे म्हणजे एक्सॉन, जनुकाच्या अंतिम संदेशात राहणारे भाग; रेघ म्हणजे इंट्रॉन, संदेशातून कापून टाकले जाणारे मधले भाग. ठोकळे मोजा. एलसीटीमध्ये १७ एक्सॉन आहेत. जनुकाची लांबी ५० हजार अक्षरांच्या आसपास भरते, पण ठोकळ्यांनी व्यापलेली जागा त्यातली किती थोडी आहे ते डोळ्यांनीच दिसतं. इथे थोडं थांबा. पूर्ण जिनोममध्ये प्रथिनांचा मजकूर असलेला भाग जेमतेम १ ते २ टक्के आहे हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते डोळ्यांनी पाहणं वेगळं.

रेघेवरचे छोटे बाणही बघा. एलसीटीचे बाण डावीकडे वळलेले आहेत, म्हणजे हे जनुक उजवीकडून डावीकडे वाचलं जातं. डीएनएला दोन धागे असतात आणि हे जनुक उलट्या धाग्यावर आहे. वहीत लिहा: उलटा धागा. याची गरज लवकरच पडेल.

आता मला सांगा, लॅक्टेज मोठेपणी टिकून राहायचं तर बदल कुठे असावा? वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक बोटं ठोकळ्यांकडे जातात. जनुक बदललं असणार, विकर वेगळं बनत असणार. पाठ्यपुस्तक वाचलेल्याला हेच सुचतं आणि त्यात चूक काही नाही, कारण सुरकुतलेल्या वाटाण्यात तसंच घडलं आहे. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा घुसला आणि ते जनुक निकामी झालं. हे १९९० मध्ये उलगडलं. मेंडेलच्या सातपैकी शेवटच्या तीन गुणधर्मांमागची जनुकं तर थेट २०२५ मध्ये, शेकडो वाणांचे जिनोम वाचून हाती आली.

उत्तर शोधायला पडद्यावरचं तीनपट लांब जाण्याचं बटण दाबा. एलसीटीच्या उजवीकडे दुसरं जनुक दिसेल, एमसीएम६. पेशी दुभागताना डीएनएची प्रत काढण्याच्या कामात ते असतं. दुधाशी त्याचा काहीही संबंध नाही. आता शोधचौकटीत आरएस ४९८८२३५ टाका, आरएस ही दोन अक्षरं आणि आकडा जोडून. जगभरात नोंदवलेल्या बदलांना असे क्रमांक दिलेले आहेत. ब्राउझर तुम्हाला १३,५८,५१,०७६ वर नेऊन ठेवेल. वर बघा, आपण कुठे आहोत? एमसीएम६ च्या आत. तेही ठोकळ्यात नाही, रेघेवर, त्याच्या १३ व्या इंट्रॉनमध्ये. एलसीटी जिथून सुरू होतं तिथून जवळपास १४ हजार अक्षरं लांब.

फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून ही जागा २००२ मध्ये सापडली. पद्धत जुनीच होती, वंशावळींची. पण शेवटी हाती आलं ते एका अक्षराचं असं बदलणं, की ज्यामुळे लॅक्टेजच्या प्रथिनात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो जनुक चालू राहण्यात. शेजारच्या जनुकाच्या पोटातली ही जागा एलसीटीच्या दिव्याचं बटण आहे. बदललेल्या अक्षरावर ऑक्ट-१ नावाचं प्रथिन जास्त घट्ट बसतं असं प्रयोगांत दिसलं आहे. ‘एक जनुक, एक विकर’ एवढ्या जुन्या सूत्रावर हे समजावता येत नाही. जनुकांच्या मधली आणि आतली ही ‘रिकामी’ वाटणारी जागा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता अक्षरांपर्यंत जा. सगळ्यात जवळ नेणारं बटण दाबलं की ए, सी, जी, टी ओळीनं दिसू लागतील. आपल्या जागेवर जी आहे. लेखांमध्ये मात्र हा बदल सीचा टी असा लिहितात, आणि डेटाबेसमध्ये जीचा ए. दोन्ही बरोबर. लेखक एलसीटीच्या धाग्यावरून वाचत आहेत, डेटाबेस समोरच्या धाग्यावरून. अक्षरांच्या ओळीच्या डाव्या टोकाला एक बाण असतो, त्यावर क्लिक केलं की दुसऱ्या धाग्याची अक्षरं दिसतात. जीचा सी होतो. हे स्वतः करून बघा, कारण धाग्याचा हा घोळ अनुभवी लोकांनाही दमवतो.

तिथून हलू नका. डावीकडे तीन अक्षरं मोजा, १३,५८,५१,०७३. उजवीकडे पाच मोजा, १३,५८,५१,०८१. या दोन्ही जागांवरही लॅक्टेज टिकवणारे बदल सापडले आहेत: पहिला पूर्व आफ्रिकेत, दुसरा अरबस्तानात. मूळ जागेपासून शंभर अक्षरं उजवीकडे, १३,५८,५१,१७६ वर, केनिया आणि टांझानियात आढळणारा चौथा. गुरं, उंट पाळणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत, वेगवेगळ्या काळी, स्वतंत्रपणे हे बदल टिकून राहिले आणि पसरले, आणि पडद्यावर ते बोटभर जागेत मावतात. पहिले तीन तर नऊ अक्षरांच्या आत आहेत. एका कुटुंबाच्या वंशावळीत हे कधीच दिसलं नसतं. त्यासाठी जगभरच्या माणसांची तीच जागा शेजारीशेजारी ठेवून बघावी लागते. मला या विषयात सगळ्यात जास्त आनंद देणारं दृश्य विचाराल तर ते हेच.

हंटिंग्टन, चटकन

शोधचौकटीत एचटीटी टाका. बाण उजवीकडे, म्हणजे सरळ धागा. मग गुणसूत्र ४ वर ३०,७४,८७० ते ३०,७४,९६० या पट्ट्यात जा आणि अक्षरं दिसेपर्यंत जवळ या. सीएजी, सीएजी, सीएजी अशी रांग दिसेल. मोजा. संदर्भ जिनोममधली रांग सुरक्षित लांबीची आहे. सीएजी ३६ वेळा आला की तिथून धोका सुरू होतो. ४० किंवा जास्त असतील तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसाला हा आजार होतोच. १९८३ ते १९९३ ज्याचा शोध चालला, ती जागा मिनिटभरात समोर येते.

इथे एक मर्यादाही समजून घ्या. सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याची, रोजच्या वापरातली यंत्रं डीएनएचे छोटे तुकडे वाचतात. एकच तीन अक्षरं वारंवार येणारी लांब रांग असली की तुकडे कुठे जुळवायचे ते नीट कळत नाही. म्हणून अशा आजारांसाठी वेगळी चाचणी करतात. ‘पूर्ण जिनोम वाचला, काही सापडलं नाही’ या वाक्यावर विसंबण्याआधी काय वाचता येतं आणि काय नाही, हे विचारायला हवं.

क्लिनव्हार: शिक्क्याआधी तारे

आता तिसरं जनुक, एचबीबी. हिमोग्लोबिनची एक साखळी यातून बनते. आरएस ३३४ शोधा. गुणसूत्र ११, क्रमांक ५२,२७,००२. सिकल सेल आजार या एका अक्षरामुळे होतो. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे १९४९ मध्ये दाखवलं गेलं, आणि फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे हे १९५० च्या दशकातच कळलं होतं. जुन्या पुस्तकांत सहावं अमिनो आम्ल म्हणतात, नव्या नोंदीत सातवं. नवी पद्धत साखळीचं पहिलं अमिनो आम्लही मोजते, जे पेशी पुढे कापून टाकते. वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवा.

याच बदलाची क्लिनव्हार (ClinVar) मधली नोंद उघडा. कुठल्या बदलाला कोणत्या प्रयोगशाळेनं काय ठरवलं याचा हा सार्वजनिक साठा. मुख्य निकाल पाच प्रकारचे असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. नवखा माणूस फक्त हा शिक्का वाचतो. तुम्ही त्याआधी तारे वाचा. चार तारे म्हणजे उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांत समावेश, तीन म्हणजे तज्ज्ञ मंडळानं तपासलेलं, दोन म्हणजे एकाहून जास्त प्रयोगशाळांचं निकष सांगून एकमत. एकच तारा असेल तर एकाच प्रयोगशाळेचं मत असू शकतं किंवा प्रयोगशाळांत मतभेदही असू शकतो. मग कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर म्हटलं ते खाली स्क्रोल करून वाचा. ‘अर्थ अनिश्चित’ हा शिक्का दिसला तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. त्याला थोडासा वाईट किंवा जवळपास चांगला समजू नका.

हा बदल किती जणांत आहे?

क्लिनव्हारनंतर नेहमी नोमॅड (gnomAD), लाखो लोकांच्या जिनोममधल्या बदलांचा साठा. त्याच्या चौथ्या आवृत्तीत ८,०७,१६२ जणांची माहिती आहे, आणि कुठलाही बदल कोणत्या वंशगटात किती जणांत आढळतो ते त्यात दिसतं. आरएस ४९८८२३५ तिथेही टाकून बघा. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो भरपूर, पूर्व आशियात जवळजवळ शून्य.

याचा उपयोग काय, ते एका प्रकरणावरून सांगते. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारात काही बदल रोगकारक ठरवले गेले होते आणि रुग्णांना तसं कळवलंही होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की यातले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत सहज आढळतात. आजार दुर्मीळ आणि बदल मात्र सर्रास, मग हा बदल कारण कसा असेल? मूळ तपासणीत तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत त्या वंशाची माणसं पुरेशी असती, तर ती चूक आधीच उघडी पडली असती. त्यामुळे वहीतला पुढचा रकाना: हा बदल कोणत्या गटात किती, आणि माझ्या प्रश्नातला माणूस ज्या गटातला, त्या गटाची माहिती साठ्यात पुरेशी आहे का. दुसरा भाग लोक गाळतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

उंचीचं जनुक शोधायला जाऊ नका

एका जनुकाचा सराव झाला की साहजिकच वाटतं, आता उंचीचं शोधू, बुद्धीचं शोधू. जीवॅस कॅटलॉग (GWAS Catalog) उघडा आणि उंची शोधा. असंख्य लोकांचे जिनोम ताडून कुठला बदल कुठल्या गुणधर्माशी जोडलेला आहे ते शोधणाऱ्या अभ्यासांची ही यादी. पानंच्या पानं निघतील. २०२२ च्या अभ्यासात ५४ लाख लोकांची माहिती तपासून उंचीशी संबंधित १२,१११ बदल नोंदवले गेले. प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित. सगळे एकत्र घेतले तर युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे ४० टक्के भाग समजावता येतो. इतर वंशांत हाच आकडा १० ते २० टक्क्यांवर येतो. तेव्हा ‘अमक्याचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचली की तीन प्रश्न विचारा: किती लोक तपासले, ते कोणत्या वंशाचे, आणि परिणाम केवढा. परिणामाचा आकडा बातमीत नसेल तर मी ती बातमी बाजूला ठेवते.

स्वतःच्या अहवालाकडे वळण्याआधी

इथवर आल्यावर कुणालाही आपला किंवा घरातल्या कुणाचा चाचणी अहवाल काढून बघावासा वाटतो. बघा, पण थोडं जपून. थेट ग्राहकांना मिळणाऱ्या बऱ्याच चाचण्या जिनोम वाचत नाहीत, ठरावीक जागा तपासतात. त्यांच्या कच्च्या माहितीतून ‘रोगकारक’ म्हणून पुढे आलेले बदल एका प्रयोगशाळेनं पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे ४० टक्के मुळात नव्हतेच. हा २०१८ चा अभ्यास लहान होता, ४९ जणांचा, पण घाबरून निर्णय घेऊ नये हे सांगायला पुरेसा. वैद्यकीय निर्णय घ्यायचा असेल तर आधी वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलणं, या क्रमानं जा.

स्वतःची कच्ची फाइल अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. ती तुमच्या एकट्याची नसते. भावंडांचा, मुलांचा निम्मा जिनोम तुमच्याशी जुळतो आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. हंटिंग्टनसारख्या आजाराबाबत तर ‘मला जाणून घ्यायचंच नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि धोका असलेल्या कुटुंबांतली कितीतरी प्रौढ माणसं विचार करून तेच ठरवतात.

आता सरावासाठी तुमच्या आवडीचं एक जनुक निवडा आणि वहीत एक पान त्याला द्या. आवृत्ती, पत्ता, धागा, त्यातला एक बदल, त्याचं अक्षर दोन्ही धाग्यांवरून, क्लिनव्हारचा शिक्का आणि तारे, नोमॅडमधलं प्रमाण गटवार. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घाला. सहा महिन्यांनी तेच पान घेऊन पुन्हा बसा. पत्ता आणि अक्षरं तीच असतील, शिक्का किंवा तारे कदाचित बदललेले असतील. बदलले असतील तर जुनं खोडू नका. शेजारी नवी तारीख घालून नवी नोंद करा, आणि कोणत्या नव्या पुराव्यावरून मत बदललं ते क्लिनव्हारच्या नोंदीतून शोधून दोन ओळींत लिहा.